निलगिरी रोज किती पाणी पिते? व्हायरल आकड्याच्या पलीकडचं गणित

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाच्या फोटोंसोबत एक मेसेजही फिरायला लागतो. 'निलगिरी लावू नका, एक झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पितं.' कधी हा आकडा पन्नास असतो, तर कधी दोनशे. त्याखाली लगेच उलट बाजूचा मेसेज येतो. 'झाडं पाणी धरून ठेवतात, त्यांना दोष देणं हा अपप्रचार आहे.'

दोन्ही बाजू ठामपणे बोलतात. पण झाडाला काही पाण्याचं मीटर बसवलेलं नसतं. मग त्याच्या तहानेचा आकडा येतो कुठून?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपं लावण्याची मोहीम झाली आणि एकट्या २०१९ च्या पावसाळ्याचं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं. केंद्र सरकारच्या 'ग्रीन क्रेडिट' योजनेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जी पद्धत जाहीर झाली, तिच्यात हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. झाडं लावायची, तोडायची की बंद करायची, हे सगळे निर्णय पाण्याशी जोडलेले आहेत. त्यामुळे झाड किती पाणी घेतं, हे नीट मोजणं गरजेचं ठरतं.

आधी व्हायरल आकडा तपासून पाहू

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं १०,००० लिटर. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब कागदावर करता येतो.

समजा, निलगिरीची रोपं अडीच मीटर बाय अडीच मीटर अंतरावर लावली आहेत. म्हणजे हेक्टरी १,६०० झाडं. प्रत्येक झाड रोज १०० लिटर पाणी घेत असेल, तर हेक्टरी रोज १ लाख ६० हजार लिटर, म्हणजेच १६ मिलिमीटर पाणी हवेत जाईल. वर्षाचा हिशेब होतो ५,८०० मिलिमीटरच्या वर. एवढा पाऊस महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच पडतो.

शिवाय पाण्याची वाफ व्हायला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः उन्हातून येते. उष्ण प्रदेशातल्या चांगल्या उन्हाच्या दिवशीही जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात साधारण ८ मिलिमीटर पाण्याची वाफ करण्याइतकीच ऊर्जा असते. तीही सगळी वाफ करण्यात खर्च होत नाही. थोडक्यात, दाट लावलेल्या निलगिरीतलं प्रत्येक झाड बाराही महिने रोज शंभर लिटर पाणी पितं, हे शक्यच नाही.

मग निलगिरी निर्दोष ठरली का? तर तसंही नाही. हाच हिशेब झाडामागे फक्त २० लिटर धरून करा. ऐकायला २० लिटर म्हणजे एक घागर-दीड घागर. पण १,६०० झाडांचे होतात हेक्टरी ३२,००० लिटर, म्हणजे रोज ३.२ मिलिमीटर आणि वर्षाला जवळपास १,१७० मिलिमीटर. जिथे वर्षाचा पाऊसच ७०० मिलिमीटर आहे, तिथे एवढं पाणी आणायचं कुठून?

म्हणजे 'झाडामागे किती लिटर' हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. मोठा वाटणारा आकडा अशक्य निघतो आणि किरकोळ वाटणारा आकडा विहिरी कोरड्या पाडण्याइतका मोठा असू शकतो.

झाडातलं पाणी मोजतात कसं?

मुळांनी ओढलेलं पाणी खोडातल्या जलवाहिन्यांमधून वर चढतं आणि पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. घेतलेल्या पाण्यातला अगदी थोडा भाग झाडात राहतो. त्यामुळे खोडातून वर जाणारं पाणी मोजलं की झाडाचा पाणीवापर कळतो.

पण खोड न कापता आतलं पाणी मोजायचं कसं? यासाठी उष्णतेची मदत घेतली जाते. ही कल्पना जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रूनो ह्यूबर यांनी १९३० च्या दशकात खोडाला एका जागी क्षणभर उष्णता देऊन ती वर पोहोचायला किती वेळ लागतो, हे मोजलं होतं.

आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत फ्रान्सच्या आंद्रे ग्रानिए यांनी १९८५ मध्ये मांडली. खोडात साधारण दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन सुया एकाखाली एक बसवतात. वरची सुई सतत थोडी गरम ठेवतात, खालची तशीच. पाणी वाहत नसेल तर दोन्ही सुयांच्या तापमानातला फरक जास्त राहतो. सकाळी ऊन चढलं की पाणी वाहू लागतं, ते गरम सुईची उष्णता घेऊन जातं आणि हा फरक कमी होतो. फरक जितका कमी, तितका प्रवाह जास्त. उपकरण स्वस्त आहे आणि महिनोन् महिने नोंदी घेतं.

दुसरा मार्ग खूण केलेल्या पाण्याचा. खोडात थोडं 'जड पाणी' सोडायचं, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम आहे असं पाणी. मग फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पानांतून निघालेली वाफ रोज गोळा करायची. जड पाण्याचं प्रमाण किती दिवसांत चढलं आणि किती दिवसांत उतरलं, यावरून झाडातून एकूण किती पाणी गेलं हे काढता येतं.

तिसरा मार्ग झाडाला हात न लावता जमिनीचा हिशेब ठेवण्याचा. पाऊस किती पडला, किती वाहून गेला आणि मातीच्या प्रत्येक थरातला ओलावा कसा बदलला, हे मोजायचं. उरलेलं पाणी हवेत गेलं, असं मानायचं.

यात चूक कुठे होते?

सुयांची पद्धत सोपी दिसते, पण तिच्या मर्यादा आहेत. खोडाच्या सगळ्या जाडीतून पाणी वाहत नाही. मधला गाभा कोरडा असतो आणि बाहेरच्या लाकडातूनच प्रवाह असतो. त्यातही सालीजवळ वेग जास्त आणि आत कमी. एका जागचं मोजमाप पूर्ण खोडाला लावलं तर आकडा भलताच येऊ शकतो.

दुसरं म्हणजे तापमानातल्या फरकावरून प्रवाह काढण्याचं सूत्र सुरुवातीला मोजक्याच जातींवर तपासलं गेलं होतं. पुढे इतर जातींवर प्रयोगशाळेत पडताळणी झाली, तेव्हा हे सूत्र अनेकदा प्रत्यक्षापेक्षा कमी प्रवाह दाखवतं असं दिसलं. त्यामुळे नव्या जातीसाठी आधी पडताळणी हवी.

उष्ण प्रदेशात अडचणी आणखी वाढतात. एकेका जंगलात शेकडो जाती असतात. अनेक मोठ्या झाडांच्या बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं असतात, तिथे सुया कुठे लावायच्या हाच प्रश्न असतो. त्यात जगभरातल्या रसप्रवाहाच्या नोंदी एकत्र करणारा 'सॅपफ्लक्सनेट' हा संग्रह पाहिला तर वेगळीच तफावत दिसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात १७४ जातींच्या २,७१४ वनस्पतींच्या नोंदी आहेत, पण त्यातला मोठा वाटा थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांचा आहे. जिथे सर्वाधिक जाती आहेत, तिथेच मोजमाप सर्वात कमी झालं आहे.

जगातली झाडं किती पाणी घेतात?

१९९८ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी तोवरच्या ५२ अभ्यासांमधले, ६७ जातींचे आकडे एकत्र केले. सर्वात कमी नोंद होती फ्रान्समधल्या एका ओक वृक्षाची, दिवसाला १० लिटर. सर्वात जास्त होती ॲमेझॉनच्या वर्षावनातल्या एका उंच झाडाची, दिवसाला १,१८० लिटर. मात्र १० पैकी ९ नोंदी १० ते २०० लिटरच्या दरम्यानच होत्या.

पनामात संशोधकांनी बांधकामावरची उंच क्रेन जंगलात उभी करून झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाऊन मोजमाप केलं. तिथे काजूच्याच कुळातल्या, एक मीटरहून जाड खोडाच्या एका रानटी झाडाने दिवसाला ३७९ लिटर पाणी घेतल्याची नोंद आहे.

या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वेगवेगळ्या जातींची झाडं शेजारी ठेवून पाहिली तर त्यांचा पाणीवापर जातीपेक्षा आकारावर जास्त अवलंबून होता. सारख्या जाडीची, वेगवेगळ्या जातींची झाडं साधारण सारखंच पाणी घेत होती.

म्हणजे 'अमुक जात पाणीपिशी, तमुक जात पाणीदार' अशी सरळ वाटणी करता येत नाही. वडाचं एक मोठं झाड निलगिरीच्या एका सडपातळ झाडापेक्षा जास्त पाणी घेऊ शकतं. पण वडाची झाडं कुणी हेक्टरी १,६०० लावत नाही.

कर्नाटकात मोजलं, तेव्हा काय सापडलं?

निलगिरीचा वाद भारतात सर्वात जास्त पेटला तो कर्नाटकात. सामाजिक वनीकरणात कोलार, तुमकूर, बंगळुरू ग्रामीण या भागांत नाचणीच्या शेतांची जागा निलगिरीने घेतली. मजुरी कमी, राखण नको आणि लगद्याच्या कारखान्यांकडून मागणी, यामुळे जमीनमालकांना ती परवडत होती. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी वन खात्याच्या रोपवाटिकेत शिरून निलगिरीची रोपं उपटली आणि तिथे चिंच-आंब्याच्या बिया पेरल्या.

त्यानंतर ब्रिटिश जलशास्त्रज्ञ इयन काल्डर, कर्नाटकचं वन खातं आणि तिथले शास्त्रज्ञ यांनी मिळून काही वर्षं प्रत्यक्ष मोजमाप केलं. जड पाण्याची पद्धत वापरली गेली, मातीतला ओलावाही खोलवर मोजला गेला. १९९० च्या दशकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं काहीतरी सापडलं.

जिथे माती साधारण तीन मीटर खोल होती, तिथे निलगिरीचा वर्षाचा पाणीवापर वर्षाच्या पावसाइतकाच भरला. शेजारच्या स्थानिक पानगळी जंगलाचा वापरही तेवढाच होता. म्हणजे निलगिरी तिथे देशी झाडांपेक्षा जास्त पाणी पीत नव्हती. पण नाचणीच्या पिकाशी तुलना केली तर दोन्ही प्रकारची झाडं जवळपास दुप्पट पाणी घेत होती.

बंगळुरूजवळच्या होसकोटे इथे माती आठ मीटर खोल होती. तिथलं चित्र वेगळं निघालं. तीन कोरड्या वर्षांत मिळून पाऊस पडला सुमारे २,१०० मिलिमीटर आणि निलगिरीने वापरलं सुमारे ३,४०० मिलिमीटर पाणी. वरचं १,३०० मिलिमीटर आलं मातीत आधीपासून साठलेल्या ओलाव्यातून. निलगिरीची मुळं वर्षाला अडीच मीटरहून जास्त वेगाने खाली जात होती आणि तीन वर्षांत ती आठ मीटरपर्यंत पोहोचली होती.

मुळांनी थेट भूजलाच्या पातळीपर्यंत जाऊन पाणी ओढल्याचा पुरावा मात्र या अभ्यासात मिळाला नाही. पण त्याने गावाचा प्रश्न सुटत नाही. मातीचा आठ मीटरचा थर एकदा कोरडा पडला की पुढच्या पावसाचं पाणी आधी तो थर भिजवण्यातच जातं. विहिरीपर्यंत पोहोचायला काही उरत नाही.

म्हणजे जात तीच, प्रदेशही जवळपास तोच, पण मातीची खोली बदलली आणि उत्तर बदललं. 'निलगिरी देशी जंगलाइतकंच पाणी घेते' हेही खरं आणि 'निलगिरी पावसापेक्षा जास्त पाणी घेते' हेही खरं. फक्त कुठे, हे सांगितल्याशिवाय दोन्ही वाक्यं अर्धी आहेत.

नदी आटली, तर दोष कुणाचा?

बंगळुरूला एकेकाळी पाणी देणारा तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय अर्कावती नदीवर आहे. या नदीचं पाणी गेल्या काही दशकांत प्रचंड कमी झालं. ते का, याचा अभ्यास 'ॲट्री' या बंगळुरूतल्या संस्थेच्या वीणा श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांनी एकेक कारण तपासलं. पाऊस कमी झाला का? तापमान वाढलं म्हणून का? ही कारणं पुरेशी ठरत नव्हती. मुख्य संशय दोन गोष्टींवर आला. एक, बोअरवेलमधून होणारा बेसुमार उपसा आणि दुसरी, निलगिरीची वाढलेली लागवड. ओढे-नाले अडवण्याचा वाटा त्यांच्यापेक्षा कमी होता.

इथे मोजमापाचं महत्त्व कळतं. निलगिरीवर बंदी आली, पण बोअरवेलचा उपसा तसाच राहिला, तर नदी परत येईलच असं नाही. आणि उपशाकडे बोट दाखवून निलगिरीला सोडून दिलं, तरी हिशेब अपुराच राहतो. सगळा दोष एका झाडावर टाकणं राजकीयदृष्ट्या सोपं असतं, कारण झाड मतदान करत नाही. बोअरवेलचा मालक करतो.

मग झाडं लावूच नयेत का?

इथे गोष्टीची दुसरी बाजू येते. झाड पाणी घेतं तसं ते जमिनीत पाणी मुरायलाही मदत करतं. पालापाचोळा, मुळं, गांडुळं आणि वाळवी यांमुळे माती भुसभुशीत होते. उघड्या, तुडवलेल्या जमिनीवरून जोराचा पाऊस धावत निघून जातो, तर झाडाखालच्या मातीत तो शिरतो. झाड किती पाणी घेतं आणि किती मुरवतं, यांच्या वजाबाकीवर सगळं ठरतं.

पश्चिम घाटात, उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, बाभूळ कुळातल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड आणि उजाड झालेली जमीन यांची तुलना केली. जंगल पाणी जास्त वापरत असूनही त्याच्याखाली उजाड जमिनीपेक्षा जास्त पाणी मुरत होतं. भरपूर पावसाच्या प्रदेशात हे घडू शकतं.

कोरड्या प्रदेशाचं काय? पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये शेतांत विखुरलेल्या झाडांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अजिबात झाडं नसलेल्या जमिनीत भूजल कमी मुरत होतं, कारण माती पाणी आत घेत नव्हती. दाट झाडी असली तरीही ते कमी, कारण मुरलेलं पाणी झाडंच परत ओढत होती. सर्वात जास्त भूजल मुरत होतं ते मधल्या स्थितीत, म्हणजे झाडं होती पण विरळ.

मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरकडे बांधावर एखादा आंबा, चिंच, बाभूळ किंवा कडुनिंब ठेवण्याची जी जुनी रीत आहे, ती दिसायला याच मधल्या स्थितीच्या जवळ जाते. अर्थात बुर्किना फासोचा आकडा उचलून दख्खनच्या काळ्या मातीला आणि मुरमाला लावता येणार नाही. त्यासाठी इथेच मोजावं लागेल.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

कर्नाटकातला धडा महाराष्ट्राला थेट लागू पडतो, कारण दख्खनच्या पठारावर मातीची खोली दर काही मैलांवर बदलते. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर नदीकाठी कित्येक मीटर माती असते. एकाच जातीची, एकाच अंतरावर केलेली लागवड या दोन ठिकाणी पाण्याचे वेगवेगळे हिशेब मांडेल.

आपल्याकडच्या वृक्षारोपण मोहिमांची चर्चा मात्र रोपांच्या संख्येभोवतीच फिरत राहिली. किती खड्डे खणले, किती रोपं लावली, किती जगली. ३३ कोटींच्या मोहिमेवर नंतर जो वाद झाला तोही याच आकड्यांचा होता. पण कमी पावसाच्या तालुक्यात हेक्टरी हजाराच्या वर झाडं लावली आणि ती सगळी जगली, तर खालच्या गावाच्या विहिरीचं काय होईल? हा प्रश्न अपयशाचा नाही, मोहीम यशस्वी झाल्यानंतरचा आहे.

आणि त्याचं उत्तर शोधणं फार महाग नाही. पावसाची नोंद, काही झाडांच्या खोडात सुया, मातीत ओलावा मोजण्याची सोय आणि शेजारच्या विहिरींची दर महिन्याची पातळी. एवढं काही वर्षं सातत्याने केलं तर त्या गावापुरतं उत्तर मिळू शकतं.

पुढचा मेसेज आला तर काय विचारायचं?

'अमुक झाड इतके लिटर पाणी पितं' असा मेसेज पुन्हा आला, तर फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारून पाहा. झाड केवढं होतं? हेक्टरी किती झाडं होती? तिथे पाऊस किती आणि माती किती खोल? आणि आधी त्या जमिनीवर काय होतं, पीक, जंगल की उघडा माळ?

या चार प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो आकडा निलगिरीच्या बाजूचा असो की विरोधातला, त्यावरून गावाने झाडं लावू नयेत आणि तोडूही नयेत. होसकोटेच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती आणि तीन मीटर मातीवरच्या निलगिरीचं मोजमापही खोटं नव्हतं. दोघांमध्ये फरक होता तो पाच मीटर मातीचा, आणि तो मोजला म्हणूनच कळला.